पंचबाईंचे दोन सेनापती

मनोरमा पेडणेकर यांना जूचंद्रच्या 'चंडिका छाया' सोसायटीत कोणी मनोरमा म्हणत नसे आणि पेडणेकरही म्हणत नसे. लहानथोर सगळे पंचबाई म्हणत. बाईंनी बत्तीस वर्षं मुंबईतल्या एका शाळेत पी.टी. शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीच्या मैदानावर शिट्टी फुंकली. आधी रेषेवरच्या पंच, मग सामन्याच्या सरपंच. उंची पाच फुटांना एक बोट कमी; पण बाईंनी हात वर केला की सहा फुटी गडी मान खाली घालून मैदानाबाहेर जायचा. एकदा एका पुढाऱ्याचा भाचा लागोपाठ तीन चढायांत बाद झाला, तेव्हा पुढारी मंचावरूनच म्हणाले, "बाई, जरा नीट बघून!" बाईंनी सामना थांबवला, मंचापाशी गेल्या आणि विचारलं, "साहेब, तुम्ही खेळताय की बघताय?"

"बघतोय," साहेब म्हणाले.

"मग बघा," म्हणून बाई परत रेषेवर.

निवृत्तीनंतर शिट्टी कपाटात गेली, पण तिचा आवाज बाईंच्या बोलण्यात राहिला. घरात काय शिजणार, पडदे कुठल्या रंगाचे, मुलीचं लग्न सकाळच्या मुहूर्तावर की गोरजावर, सगळे निकाल बाईंचे. नवऱ्याचं, आत्मारामचं, त्यावर कधी अपील नसे. तो सातिवलीच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर होता. नट, बोल्ट आणि वायसर मोजण्यात त्याची जिंदगी गेली, आणि वायसर जसा दोन लोखंडांच्या मधे गुपचूप बसतो तसाच तोही घरात बसे. आत्माराम घरात आहे की नाही, हे चहाचा कप विसळून पालथा ठेवलेला दिसला तरच कळायचं.

हे दोघं अ विंगेत राहत, पहिल्या मजल्यावर. सोसायटीच्या दोन विंगा. अ विंग रस्त्याकडे, तिच्या खाली मोठं गेट. ब विंग मागे, खाडीकाठच्या खाजणाच्या बाजूला, आणि तिच्या पायाशी जमिनीतली पाण्याची टाकी आणि पंपाची खोली. म्हणजे रस्ता एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे. पंधरा वर्षं कोणाच्या हे लक्षातही आलं नव्हतं. मग पाटी रंगवली.

पेंटर चांगला होता, पण अंदाजाचा कच्चा. 'चंडिका छाया, अ विंग व' एवढं लिहिता लिहिता पाटीची जागा संपत आली आणि 'ब विंग' त्याने शेवटच्या कोपऱ्यात, औषधाच्या बाटलीवर सूचना लिहितात तशा अक्षरात, कोंबलं. ब विंगेचे लोक कामावरून येता येता पाटी वाचू लागले आणि घरी जाईपर्यंत त्यांचं रक्त तापू लागलं. ब विंगेतर्फे ऑगस्टीन लोपीस चेअरमनकडे गेले. लोपीस मूळचे रेल्वेच्या पश्चिमेकडच्या गावातले, छाती भरदार, आवाज असा की चर्चमध्ये पापांची कबुली देताना 'मोठ्याने बोला' म्हणून फादरना कधी त्यांना सांगावं लागलं नसेल.

चेअरमन होते हर्षवर्धन सुर्वे. इन्शुरन्स कंपनीत नोकरी, पण जीव सगळा इतिहासात. रोज सकाळी सात वाजता ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लढाया टाकत. देशी, विदेशी, कुठलीही चालायची. पण यादवी म्हणजे त्यांचा खास प्रांत. भावाभावांत लागलेली लढाई दिसली की त्यांना भूक लागायची. कुठल्या देशातल्या कुठल्या यादवीत कुठल्या बाजूचा सेनापती सरस, याच्या ते याद्या करत, गुण देत, आणि शेवटी न चुकता लिहीत, 'दोन्ही बाजूंचा श्रेष्ठ सेनापती वेगवेगळा निवडावा. हाच खरा न्याय.' खाली बहात्तर घरांतून फक्त दोन अंगठे येत. त्यातला एक त्यांच्या बायकोचा.

"आमचा ब दिसत नाही," लोपीस म्हणाले.

"तुम्हाला दिसला म्हणूनच तक्रार घेऊन आलात ना?" सुर्वे हसून म्हणाले. "मग दिसतो."

या एका वाक्यावर यादवी पेटली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ब विंगेने बैठक घेतली आणि ठराव केला: आम्ही वेगळे होणार, आमची सोसायटी आम्ही नोंदणार. त्याच्या दुसऱ्या सकाळी अ विंगेच्या नळांची धार करंगळीएवढी झाली. सुर्व्यांनी साबण लावलेल्या अंगाने गॅलरीत येऊन युद्ध जाहीर केलं.

पंचबाईंना दोन्हीकडून बोलावणं आलं. त्यांनी दोन्हीकडे एकच उत्तर दिलं, "मी कुठल्याच संघाची नाही." त्या पहाटे पाचला उठून आंघोळ उरकत, बादल्या भरून ठेवत आणि आठला शेजारणी पाण्यासाठी आकांत करत तेव्हा शिस्तीवर भाषण देत. आत्माराम संध्याकाळी खाजणाच्या बाजूला फिरायला जाई. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. दोन महिने रोज तासभर चालून त्याची साखर वाढली. डॉक्टरांनी दोनदा मशीन बदलून पाहिलं.

युद्ध अकरा आठवडे चाललं. त्यातल्या चकमकी सगळ्या सांगायच्या तर श्रावण लागेल, पण दोन सांगायलाच हव्यात.

पहिली गेटाची. अ विंगेने गेटावर कुलूप लावायचं ठरवलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलबेन शहा म्हणाल्या, "कुलूप लावलं तर पोलीस येतील. वही ठेवा." आणि वही घेऊन त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या. कोणालाही अडवायचं नाही. फक्त ब विंगेच्या प्रत्येकाने येता-जाता नोंद करायची. वहीत अकरा रकाने होते. नाव, फ्लॅट, वेळ, गाडीचा नंबर, कुठून आलात, का आलात, पिशवीत काय आहे, किती आहे, शेवटी तारीख आणि सही. आणि नववा रकाना 'इतर'. त्यात काय लिहायचं कोणालाच कळत नसे, आणि मोकळा सोडला तर हेतलबेन मोठ्या प्रेमाने म्हणत, "भाई, इतर राहिलं." वर पुन्हा हातावर मुखवास. आठवड्याभरात ब विंगेची माणसं घरी जायला घाबरू लागली. काही जण चिखलातून, मागच्या पडक्या कुंपणातून येऊ लागले. लोपीस रोज वहीसमोर गर्जना करत आणि गर्जना संपली की मुकाट्याने अकरा रकाने भरत.

दुसरी खुर्च्यांची. सोसायटीच्या साठ प्लास्टिकच्या खुर्च्या अ विंगेच्या जिन्याखालच्या खोलीत असत. जानेवारीच्या अखेरीस ब विंगेच्या बायकांनी हळदीकुंकू ठेवलं आणि युद्ध असूनही अ विंगेच्या सगळ्या सवाष्णींना आमंत्रण धाडलं. हळदीकुंकवाला नाही कसं म्हणणार? शिवाय वाण स्टीलचं होतं. "तुम्ही पाहुण्या, बसायला खुर्च्या तेवढ्या तुमच्याकडून लागतील," एवढाच निरोप. अ विंगेच्या पुरुषांनीच खुर्च्या वाहून नेल्या. बायका बसल्या, तिळगूळ झाला, ओट्या भरल्या, बायका घरी आल्या. खुर्च्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवारी अ विंगेने विशेष सर्वसाधारण सभा बोलावली होती, वेगळं होण्याचा ठराव हाणून पाडायला. सभेला बसायला खुर्ची नाही. सरासरी वय एकोणसाठ. सुर्व्यांचं भाषण दुखऱ्या गुडघ्यांनी उभं राहून ऐकता ऐकता सातव्या मिनिटाला माणसं पांगली आणि कोरम मोडला. साठच्या साठ खुर्च्या सोमवारी सकाळी जिन्याखाली परत आल्या, ओल्या फडक्याने पुसलेल्या.

युद्ध थांबलं मार्चच्या अखेरीस, एका दुपारी. वही असूनही सुर्व्यांना कुलपाचा मोह आवरला नव्हता; त्या सकाळी त्यांनी कोणाला न विचारता गेटाला मोठं कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकून फोर्टला ऑफिसात गेले. दुपारी दीडला लोपीसांच्या आई, लूर्डस आजी, न्हाणीघरात पडल्या. श्वास घेता येईना. रुग्णवाहिका आली आणि गेटाबाहेर भोंगा वाजवत उभी राहिली. लोपीस कामावर, त्यांची बायको जुलियाना अनवाणी धावत गेटाशी आली आणि कुलूप दोन्ही हातांनी ओढू लागली.

हेतलबेन डाळ कुटत होत्या. भोंगा ऐकून त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि लोखंडी बत्ता हातात तसाच घेऊन खाली आल्या. वॉचमन म्हणाला, "चेअरमनसाहेबांना फोन लावतो." हेतलबेन म्हणाल्या, "तू लाव." त्याचा फोन लागेपर्यंत त्यांनी चार घावांत कुलूप फोडलं, वहीची खुर्ची लाथेने बाजूला सारली, आणि रुग्णवाहिका आत घेतली. आजींच्या स्ट्रेचरबरोबर जुलियानाशेजारी स्वतः चढून बसल्या. पायात घरातल्या सपाता होत्या, हाताला डाळीचं पीठ. आजी वाचल्या. मांडीचं हाड मोडलं होतं, त्यावर शस्त्रक्रिया झाली.

त्या संध्याकाळी अ विंगेच्या नळाला पूर्ण धार आली. पाडव्याला दोन्ही विंगांची मिळून एकच गुढी उभारली. जूचंद्र गावातून रांगोळीवाली पोरं आली, त्यांनी गेटापासून ब विंगेपर्यंत रांगोळी घातली, आणि त्यांच्यातल्याच एकाने पाटी नव्याने रंगवून दिली. आता ब अर्ध्या बोटाने मोठा झाला आहे. अ विंगेने अजून मोजलेला नाही.

इथे गोष्ट संपायची. पण सुर्व्यांना शांतता सोसवेना. त्यांनी ग्रुपवर टाकलं की एक मेला स्नेहसंमेलन करू, आणि त्यात दोन्ही बाजूंच्या श्रेष्ठ सेनापतींचा सत्कार करू, पितळी तलवारीचं मानचिन्ह देऊन. या वेळी बहात्तर घरांतून सत्तर अंगठे आले. परीक्षक कोण, यावर दोन्ही विंगांचं इतिहासात प्रथमच एकमत झालं.

पंचबाईंनी आधी नकार दिला. मग म्हणाल्या, "करीन. पण निकाल माझा. नंतर कोणी मंचावरून बोलायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी सुर्वे एक फाईल घेऊन आले. मुखपृष्ठावर 'माझी मोहीम' असं लिहिलं होतं. आत नकाशे होते, लाल-निळे बाण होते, आणि साबण लावलेल्या अंगाने केलेल्या घोषणेचा उल्लेख 'ऐतिहासिक आवाहन' असा होता.

"सभेचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"ती माघार डावपेचाचा भाग होती."

"आणि कुलूप?"

सुर्व्यांनी पाणी मागितलं.

लोपीस फाईल घेऊन आले नाहीत. ते सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, डबा घेऊन आले. "बक्षिसाचं काही नाही हां बाई," ते म्हणाले. आवाज इतका हळू काढलेला की बाईंना वाटलं घसा बसला. "पण ब विंग कोण लढवत होतं ते सगळ्यांनी ऐकलंच आहे."

"ऐकलंय," बाई म्हणाल्या. "कबड्डीत ओरडण्याला गुण नसतो, लोपीस." डबा मात्र ठेवून घेतला. आत्मारामला सुकेळी आवडत.

बाईंनी काम मैदानावरच्यासारखंच केलं. एक वही घेतली आणि दारोदार गेल्या. पहिल्या दोन घरांतच त्यांना कळलं की 'तुमच्यातला उत्तम कोण' असं विचारलं तर प्रत्येक माणूस स्वतःचंच नाव सुचवतो, फक्त जरा आडून. म्हणून त्यांनी प्रश्न उलटा केला: समोरच्यांपैकी तुम्हाला भीती कोणाची वाटायची?

ब विंगेने एका तोंडाने सांगितलं, हेतलबेन. "सुर्वे काय, ते येताना आवाज येतो," एक आजोबा म्हणाले. "ही बाई हसून मारते. नवव्या रकान्यात मी शेवटी माझा रक्तगट लिहायला लागलो होतो."

अ विंगेचं उत्तर मात्र विचित्र आलं. लोपीसांची भीती कोणालाच नव्हती. "पण त्यांच्यामागे कोणीतरी होता," हेतलबेन स्वतः म्हणाल्या. "पाणी कधी पूर्ण बंद केलं नाही, नाहीतर आम्ही पोलिसांत गेलो असतो. खुर्च्या चोरल्या नाहीत, आमच्याच हातांनी नेववल्या. आणि धुऊन परत दिल्या. तो लोपीसभाई नाही. तो मोजून काम करणारा माणूस आहे. तो मला भेटला असता तर मी त्याला वही सांभाळायला दिली असती."

मग बाई पंपाच्या खोलीत गेल्या. पंप चालवणारा केनी जूचंद्र गावचाच. त्याला विचारलं तर तो भिंतीला टेकला.

"मी काय नाय केला, बाई. मना चिठी आली, तशी झडप फिरवली. पानी कवा सोडायचा, कवा कमी करायचा, सगला लिवलेला व्हता."

"चिठ्ठी आहे?"

होती. विजेच्या बोर्डामागे खोचलेली. बाईंनी ती उजेडात नेऊन वाचली. 'झडप १ नग. सकाळी ५.४७ नंतर अर्धा फेरा. जास्त नको. ९ ला पूर्ववत.' शेवटी दोन समांतर रेघा मारल्या होत्या, फूटपट्टीने.

बाई चिठ्ठी घेऊन घरी आल्या. फ्रिजवर वाण्याची यादी लावलेली होती. 'साबण ४ नग. अगरबत्ती २ नग.' खाली दोन समांतर रेघा, फूटपट्टीने. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. पाच सत्तेचाळीस. पाच पंचेचाळीसला त्यांची शेवटची बादली भरून होत असे. अकरा आठवडे त्यांना एक दिवस पाणी कमी पडलं नव्हतं, आणि त्या शेजारणींना शिस्त शिकवत होत्या!

आत्माराम गॅलरीत शब्दकोडं सोडवत होता. बाईंनी दोन्ही कागद कोड्यावर ठेवले.

त्याने चष्मा वर केला, कागद पाहिले, चष्मा खाली केला. "सापडलं होय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

"फिरायला जाता म्हणून…"

"फिरायचोच. लोपीसच्या घरापर्यंत. ते ओरडायचे, मी लिहायचो. जुलियाना रव्याचा केक करते."

बाईंना साखरेचा उलगडा झाला, पण तो आनंद टिकला नाही. "अहो, तुम्ही अ विंगेत राहता!"

"अ विंगेत राहायचं तू ठरवलंस." आवाज चढला नव्हता, आत्मारामला तो चढवता येतच नसे. "मी ब म्हणालो होतो. तिसरा मजला. समोर खाजण दिसतं, बगळे येतात, वारा येतो. तू म्हणालीस, रिक्षा लांब पडते. निकाल लागला. पंधरा वर्षं मी या गॅलरीतून रिक्षा बघतोय."

"मग बोलायचं नाही का?"

"कोणाजवळ? तू पंच. पंचाशी वाद घातला की गुण जातो, हे तूच मुलीला शिकवलंस."

बाई वेताच्या मोड्यावर बसल्या. तो पुढे बोलला, आणि एवढं तो लग्नात सप्तपदीच्या वेळीही बोलला नव्हता. "कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मला कोणी विचारलं नाही की पेडणेकर, तुला काय वाटतं. लोपीस रडकुंडीला येऊन खाजणाकडच्या नाल्याच्या मोरीवर बसले होते. मी नुसतं म्हटलं, पाणी पूर्ण बंद करू नका, अर्धा फेरा पुरतो. ते म्हणाले, अजून सांगा. अजून सांगा असं मला कोणी म्हटलं नव्हतं, मनू."

बाईंना राग आला होता, पण फितुरीचा नाही. बत्तीस वर्षं ज्यांच्या नजरेतून पायाचं बोट रेषेला लागलेलं सुटलं नाही, त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर कोणी अकरा आठवडे खेळत होता आणि त्यांना पत्ता नव्हता, याचा तो राग होता. शिवाय आता निकालाचं काय?

"माझं नाव घेऊ नकोस," आत्माराम म्हणाला. "अ विंगेचे लोक मला लिफ्टमध्ये घेणार नाहीत. लोपीसना देऊन टाक. त्यांनी नवा सूट शिवलाय."

बाई दोन दिवस वही उघडत आणि मिटत राहिल्या. परीक्षकपद सोडावं असंही मनात आलं; घरचा माणूस स्पर्धेत असला की पंचाने बाजूला व्हावं हा नियमच आहे. पण मग सोसायटी कारण विचारणार, आणि कारण सांगितलं काय नि निकाल दिला काय, एकच. नालासोपाऱ्याच्या मैदानावर एका अंतिम सामन्यात दुसरा पंच आला नव्हता म्हणून त्यांनी सख्ख्या धाकट्या बहिणीच्या संघाला पंचगिरी केली होती, आणि शेवटच्या चढाईत तिलाच बाद दिलं होतं. बहीण तीन वर्षं बोलत नव्हती. तेव्हा नात्यातल्या माणसाला बाद देणं सोपं गेलं होतं. नात्यातल्या माणसाला जिंकलेला म्हणणं अवघड आहे, हे बाईंना वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळत होतं.

एक मेला संध्याकाळी आवारात मांडव पडला. सुर्वे फेटा बांधून पहिल्या रांगेत. लोपीस नव्या सुटात, घामाने निथळत. साठ खुर्च्या दोन्ही विंगांनी मिळून मोजून मांडल्या होत्या. आत्माराम सगळ्यात मागे, पळायला सोयीच्या खुर्चीवर.

बाई माईकशी गेल्या. "अ विंगेच्या श्रेष्ठ सेनापती, हेतलबेन शहा. वही ठेवली म्हणून नाही. वही ठेवून अख्खी विंग जेरीला आणली, आणि गरज पडली तेव्हा स्वतःचाच वेढा चार घावांत मोडला म्हणून." टाळ्या दोन्हीकडून पडल्या. सुर्व्यांनीही वाजवल्या, फक्त फेटा जरा सैल झाला.

"ब विंगेचे श्रेष्ठ सेनापती…" लोपीस अर्धे उठले होते. "आत्माराम पेडणेकर, अ एकशे चार."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं. सुर्वे उठून ओरडले, "पण हे तर आमचे! हा फितूर आहे!"

"बक्षीस सेनापतीला आहे, पत्त्याला नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पंच आणि नवऱ्यालाच बक्षीस देता?"

"अ विंगेत एकतीस जणांना विचारलं. सव्वीस जण म्हणाले, नाव माहीत नाही, पण तो खुर्च्यांवाला. वही इथे आहे, येऊन वाचा. आणि सुर्वे, मंचावरून बोलायचं नाही असं ठरलं होतं. मंचाखालूनही नाही."

आता सगळ्यांच्या माना लोपीसांकडे वळल्या. ते अर्धे उभे होते ते तसेच अर्धे. एवढं मोठं बक्षीस हातातून जात होतं, आणि खोटं पकडणारा समोर फक्त एक म्हातारा स्टोअरकीपर होता, जो काही म्हणाला नसता. लोपीसांनी कोटाचं बटण काढलं.

"खरं आहे," ते म्हणाले, आणि माईकची गरज पडली नाही. "मी फक्त भोंगा होतो. गाडी हा चालवत होता. अरे ये ना पुढे, आत्माराम! लाजतोस काय?"

आत्माराम पुढे आला. तलवार घेतली. कोणीतरी "बोला, बोला" म्हणालं, म्हणून त्याने माईकमध्ये एवढंच सांगितलं, "खुर्च्या साठ होत्या. साठ परत केल्या. अठ्ठावन्न नंबरच्या खुर्चीच्या बुडाला आधीपासून तडा होता." मग तो बसला.

पुढचा पंधरवडा त्याने म्हटलं होतं तसाच गेला. तो लिफ्टमध्ये शिरला की अ विंगेची माणसं बाहेर पडत आणि पाच मजले चढून जात. दोघांचा रक्तदाब त्यामुळे सुधारला. त्याचं वर्तमानपत्र रोज दारातून नाहीसं होई. मग एका सकाळी हेतलबेन त्यांच्या दारात आल्या, सगळा मजला ऐकेल अशा आवाजात म्हणाल्या, "पेडणेकरभाई, खुर्च्यांचं मला नीट समजवा," आणि दीड तास बसल्या. त्या दिवसानंतर लिफ्ट पुन्हा भरून जाऊ लागली. जूनमध्ये नवी कमिटी आली, तीत दोघंही बिनविरोध निवडून आले. सुर्व्यांना इतिहास समितीचे अध्यक्ष केलं. अशी समिती आधी नव्हती.

राहता राहिल्या बाई. त्यांनी नवऱ्याला निकालात न्याय दिला होता, पण घरात बोलणं कामापुरतंच होतं. एके दिवशी त्या लूर्डस आजींना बघायला ब विंगेत गेल्या. आजी घरी आल्या होत्या, पण ब विंगेपर्यंत मोठी गाडी पोहोचत नाही, आणि फिजिओथेरपीला जाताना त्यांना खुर्चीत बसवून आवारभर उचलून न्यावं लागे. बाई बोलता बोलता गॅलरीत गेल्या. खाली हिरवं खाजण, त्यात पाणी, पाण्यात बगळे. वारा इतका की पदर धरावा लागला. बाई तिथे दहा मिनिटं उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी लोपीसांना विचारलं, "आमची जागा पहिल्या मजल्यावर आहे. गेटाच्या तोंडाशी. घेता का? तुम्ही तिकडे, आम्ही इकडे. भाडेकरार एकमेकांचा."

घरी येऊन त्यांनी आत्मारामला सांगितलं नाही, विचारलं. "तुम्हाला काय वाटतं?"

आत्मारामने कोड्यातून मान वर केली. त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

अशा रीतीने वेगळं होण्याची चळवळ उभारणारे ऑगस्टीन लोपीस आज अ विंगेत राहतात, आणि तिथल्या पार्किंगच्या हक्कासाठी रोज गर्जना करतात. पेडणेकरांचं सामान हातगाडीवरून आवारापलीकडे गेलं. पहिल्या संध्याकाळी आत्मारामने गॅलरीत दोन खुर्च्या टाकल्या. बगळे आले. वारा आला. वाऱ्यामागून खाजणातले डास आले, एवढाले.

"खिडकी लावते," बाई उठत म्हणाल्या.

"राहू दे," आत्माराम म्हणाला.

बाई उभ्या राहिल्या. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं, पायावर एक फटका मारला, आत गेल्या, आणि ओडोमॉसची ट्यूब घेऊन परत आल्या.